मामाचं गाव, डोंबिवली पूर्व

मामा हे नुसतं नातं नाही, ते पद आहे, आणि या पदाबरोबर एक गाव असावं लागतं. गावात वाडा, वाड्यामागे विहीर, विहिरीवर वाकलेलं आंब्याचं झाड, गोठ्यात म्हैस. यातलं माझ्याकडे काहीही नाही. माझ्याकडे डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर वन-बीएचके आहे. विहिरीच्या जागी गच्चीवर काळी टाकी आहे, तिला सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास पाणी असतं. आंबा पेटीतून येतो, म्हैस पिशवीतून येते. तरीही सांगलीला दिलेल्या माझ्या बहिणीची दोन मुलं दर मे महिन्यात ‘मामाच्या गावाला’ येतात आणि माझी पंचाईत करून जातात.

आमच्या लहानपणी हे उलटं होतं. परीक्षा संपली की मुंबईतली मुलं एसटीच्या लाल डब्यात कोंबून कोकणात नाहीतर देशावर धाडली जात. महिनाभर मामाला काही दाखवावं लागत नसे. तो पहाटे शेतावर जायचा, रात्री यायचा आणि आम्हाला पाहून “अजून हायसा व्हय रे?” एवढंच विचारायचा. माझी गत तशी नाही. मला मुंबई दाखवावी लागते.

आता यात अडचण अशी, की मुंबई मी स्वतः पाहिलेली नाही. अठरा वर्षं रोज दोनदा मी भायखळ्यावरून जातो. एवढ्या वर्षांत भायखळ्याचं मी काय पाहिलं असेल, तर पुढच्या माणसाची मान. घारापुरीला शाळेच्या सहलीतून एकदा गेलो होतो, तेव्हाचं फक्त लाँचमध्ये ओकलेलं आठवतं. तारांगणात गेलो होतो ते लग्न ठरल्यावर, आणि तिथे अंधार झाल्यावर आम्ही दोघांनीही वर बघितलं नव्हतं. मुंबईकर माणूस मुंबई बघतो ती पाहुणे आले की. पाहुणे आले नसते तर गेटवे ऑफ इंडिया हा आम्ही कॅलेंडरवरच पाहिला असता.

गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातली. एप्रिल संपता संपता महालक्ष्मीनं ताई आणि मुलं आली. थोरला भाचा अकरा वर्षांचा, धाकटी भाची सहाची. बरोबर दोन किलो भडंग. निकाल आणायची जबाबदारी दाजींवर टाकलेली, त्यामुळे दाजी सांगलीतच. ताई आली ती थेट आतल्या खोलीत जाऊन झोपली. ती माहेरी झोपायलाच येते. माहेरी आलेल्या लेकीला उठवायचं नाही हा आमच्या आईचा कायदा आहे, आणि त्याला अपील नाही. म्हणजे मुलं माझ्याकडे.

स्टेशनवरून घरी येताना रिक्षातच भाचीनं पहिला प्रश्न टाकला.

“मामा, गाव कुठंय?”

“हेच की.”

तिनं बाहेर पाहिलं. बँक, पोळी-भाजी केंद्र, क्लास, क्लास, चष्म्याचं दुकान, क्लास. ती काही बोलली नाही. पण हा प्रश्न पुढे आठवडाभर माझा पिच्छा पुरवणार आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

भाचीचं असं आहे, की तिला जे नाव सांगाल ती वस्तू तिथं असलीच पाहिजे. सांगलीत म्हणे असतेच. (सांगली हे नाव सहा गल्ल्यांवरून पडलं असं म्हणतात. “आता किती गल्ल्या आहेत गं?” असं मी एकदा सूड म्हणून विचारून पाहिलं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.)

रात्री जेवणं झाल्यावर सहलीची बैठक बसली. भाच्याला पेंग्विन बघायचे होते, भाचीला हत्ती. बायकोनं, म्हणजे मामीनं, फ्रिजवर कागद चिकटवला आणि आठवड्याचे वार लिहिले. तेव्हा कळलं, की सुट्टीत मुलांना न्यायच्या जागांना स्वतःच्या सुट्ट्या असतात. घारापुरी सोमवारी बंद. वरळीचं तारांगण सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. शनिवार-रविवारी सगळं चालू, पण तेव्हा सगळी मुंबईही चालू असते. उरले मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. त्यातला एक साहेबांकडून मागून घ्यायचा.

“गुरुवार घेतो,” मी म्हणालो. “बुधवारी एक मेची सुट्टी आहेच, पण बुधवारी राणीची बाग बंद. लोकांना हे माहीत नसतं. उगाच जातात आणि परत येतात.”

हे शेवटचं वाक्य मी जरा जोरात म्हणालो होतो. आतल्या खोलीत ताईलासुद्धा ऐकू गेलं असावं.

महाराष्ट्र दिनाचा बुधवार आम्ही घरात पंख्याखाली आमरस खाऊन काढला. संध्याकाळी खाली गेलो तर शेजारचे काका त्यांच्या नातवंडांना घेऊन कुठूनसे येत होते. नातवाच्या डोक्यावर कागदी पेंग्विन होता. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही चौघं निघालो. मी, मामी आणि दोन मुलं. सामान सहा माणसांचं. मराठी माणूस सहलीला निघाला की घरच्या बाईला दुष्काळाची आठवण होते. आईनं गूळतुपाच्या पोळ्यांचे रोल, बटाट्याची सुकी भाजी, चटणी लावलेला पाव, उकडलेल्या शेंगा आणि पन्ह्याची बाटली दिली होती. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून दगड केलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या टॉवेलात गुंडाळलेल्या. दुपारपर्यंत त्यातलं एक घोट पाणी प्यायला मिळत नाही, आणि दुपारनंतर टॉवेल पिळून पाहिजे तेवढं मिळतं. शिवाय भडंग.

मुद्दाम स्लो गाडी पकडली, मुलांना खिडकी मिळावी म्हणून. तीच चूक झाली. भाचीला नुकतंच जोडाक्षरांसकट वाचता यायला लागलंय.

“दिवा! मामा, दिवा कुठंय?”

“ते स्टेशनचं नाव आहे गं.”

“कांजूरमार्ग. मार्ग कुठंय?” “घाटकोपर. घाट कुठंय?” “विद्याविहार. इथं शाळा आहे?”

हो, आहे, एक सोडून कितीतरी, असं मी जोरात सांगितलं, कारण पहिल्यांदाच खरं उत्तर हाती आलं होतं. पुढे चिंचपोकळी आली आणि मी खिडकीसमोर पाठ करून उभा राहिलो.

भायखळ्याला उतरलो. चालत बागेच्या दारापाशी आलो. दार बंद.

दारापाशी आमच्यासारखीच दहा-बारा कुटुंबं उभी होती. सगळ्यांच्या हातात फुगलेल्या पिशव्या, सगळ्यांच्या टॉवेलातून पाणी गळतंय. आतल्या बाजूला खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर असा शांतपणा होता, जो एकच वाक्य सकाळपासून शंभरदा बोललेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच येतो.

“काल बुधवार होता. बुधवारी बंद असतं. पण काल सरकारी सुट्टी होती, म्हणून काल चालू होतं. म्हणून आज बंद.”

मी त्याला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. नियम पक्का आहे: बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवायची आणि तिची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी द्यायची. नियमात काही खोट काढता येईना, आणि खोट काढता येत नाही तेव्हा माणसाला सगळ्यात जास्त राग येतो. बाहेर जमलेली झाडून सगळी माणसं हुशार होती. सगळ्यांना ठाऊक होतं, की राणीची बाग बुधवारी बंद असते. ज्यांना ठाऊक नव्हतं, ती काल येऊन आरामात पेंग्विन बघून गेली होती.

मला शेजारच्या काकांच्या नातवाच्या डोक्यावरचा कागदी पेंग्विन आठवला.

मामी काही बोलली नाही. न बोलण्यातही प्रकार असतात, हा त्यातला वरचा प्रकार होता.

पण भूक लागली होती. समोरच्या फुटपाथवर झाडाची सावली बघून मामीनं चादर अंथरली. आमचं बघून नालासोपाऱ्याच्या एका कुटुंबानं अंथरली. मग पनवेलच्या. पंधरा मिनिटांत बंद दारासमोर पंगत बसली. आमचं भडंग नालासोपाऱ्याला गेलं, त्यांचा ढोकळा आमच्याकडे आला, पनवेलच्या आजींनी कैरीचं लोणचं फिरवलं. चारही घरांतल्या कर्त्या पुरुषांनी आपापली रजा वाया गेल्याची हकिगत सांगितली. त्यात एकानं तर खास पुण्याहून गाडी काढली होती. त्याला आम्ही भडंग जास्त वाढलं. पहारेकऱ्यालाही दाराच्या गजातून कागदावर थोडं दिलं. “तिखट हाय,” तो म्हणाला आणि परत मागितलं.

दिवस तर काढायचा होता. टॅक्सी केली आणि मलबार हिलला गेलो. हँगिंग गार्डन.

हे नाव मी टॅक्सीत उच्चारायला नको होतं. भाच्यानं लगेच बहिणीला अर्थ समजावून सांगितला, “लटकणारी बाग.” दारातून आत शिरल्यावर दोघं दहा मिनिटं वर बघत चालत होती. एक माणूस त्यांच्यावर आपटता आपटता वाचला.

“मामा, लटकतंय काय?”

तिथे काहीही लटकत नाही. झुडपं कापून हत्ती, जिराफ वगैरे केलेले आहेत, आणि तेही जमिनीवर घट्ट उभे असतात. खरी गोष्ट अशी, की या बागेच्या पोटात दक्षिण मुंबईचं पाणी साठवणारा मोठा तलाव आहे. १८८१ साली पाण्यावर झाकण म्हणून ही बाग केली. हे मी मुलांना सांगितलं. आपण धरणावर उभे आहोत, हे ऐकून भाचा पायाखाली बघत हळू चालायला लागला. भाची जागेवर उडी मारून बघत होती, खालून आवाज येतो का.

रस्त्यापलीकडे कमला नेहरू पार्क, आणि त्यात म्हातारीचा बूट. आमच्या पिढीच्या प्रत्येक मुंबईकर मुलाचा या बुटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेला एक फोटो असतो, आणि त्यात तो रडत असतो. बुटात लहान मुलांनाच सोडतात. भाच्यानं “मी काय लहान हाय का?” म्हणून नकार दिला. मग भाची आत गेल्यावर दोन मिनिटं बुटाकडे बघत उभा राहिला आणि तोंड फिरवून म्हणाला, “तिच्याकडे बघायला कुणीतरी पाहिजे की,” आणि गेला. भाची बाहेर आली ती विचारतच, “म्हातारी कुठंय?”

“गावाला गेलीय,” मामी म्हणाली.

हे उत्तर तिला पटलं. गावाला जाणं ही एकच गोष्ट सुट्टीत लहान-मोठं कुणीही मान्य करतं.

त्या कठड्यावरून खाली मरीन ड्राइव्ह दिसतो. त्याला राणीचा रत्नहार म्हणतात, असं मी सांगणार होतो. दुपारचे साडेतीन वाजले होते, दिवे लागायला चार तास होते. मी तोंड मिटून घेतलं.

शनिवारी पुन्हा राणीची बाग. या वेळी मी घरून निघण्यापूर्वी फोन करून खात्री केली, पहारेकऱ्याचं वाक्य आठवून कॅलेंडर बघितलं, शेजारच्या काकांनाही विचारून घेतलं. काकांना विचारताना माझी मान जरा खाली होती.

तिकीट खिडकीवर दर लिहिलेले. मोठ्या माणसाला पन्नास, लहान मुलाला पंचवीस, आणि आईवडील व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून शंभर. आमचा हिशेब सुटा दीडशे होत होता. मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी मामीकडे पाहिलं. पन्नास रुपये हे पन्नास रुपये असतात.

“एक कुटुंब,” मी खिडकीत म्हणालो.

“मामा,” मागून भाचीचा आवाज आला, मध्य रेल्वेच्या घोषणेला लाजवील असा, “कुटुंब कुठंय? बाबा तर सांगलीला हाय!”

खिडकीतला माणूस थांबला. रांग थांबली. मग रांगेनंच विषय हातात घेतला. एक आजोबा म्हणाले, मामा म्हणजे बापाच्याच जागी, द्या कुटुंबाचं तिकीट. त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, सुट्टीत पोरांना सांभाळतो म्हणजे बापापेक्षा जास्तच झाला. त्यामागून कुणीतरी म्हणालं, “कंसही मामाच होता.” त्यावर “शकुनी” असं आणखी एक नाव आलं. महाभारत सुरू व्हायच्या आत मी दीडशे रुपये मोजले.

ही बाग १८६२ सालची. तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या नावानं होती, म्हणून राणीची. आता अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण बसचा कंडक्टर, टॅक्सीवाला आणि आमची आई, तिघंही राणीची बागच म्हणतात. मूळ राणी गेली, दुसरी आली, बाग राणीचीच राहिली. भाचीला “राणी कुठंय?” विचारायची संधीच दिली नाही, हे सगळं मी एका दमात आधीच सांगून टाकलं.

पेंग्विनची रांग मोठी होती. ते २०१६ मध्ये सोलहून विमानानं आले आणि पुढच्या वर्षी लोकांना दाखवायला लागले. त्यांच्या खोलीत सोळा ते अठरा अंश तापमान राखतात. बाहेर मे महिन्यातली मुंबई. आत शिरल्याबरोबर सगळ्या रांगेनं एकदम “हाऽऽ” केलं. मग कुणी हलेना. “पुढे चला, पुढे चला,” असं ओरडणारा माणूसही स्वतः काचेजवळच्या गार कोपऱ्यात उभा राहून ओरडत होता. एक गृहस्थ तर पेंग्विनकडे पाठ करून, डोळे मिटून, शर्टाचं वरचं बटण उघडून उभे होते. त्यांच्या बायकोनं दोनदा हाक मारली. ते तिसऱ्या हाकेला आले, तेही परत रांगेत शिरण्यासाठी.

पेंग्विन मात्र खरंच छान होते. पाण्यात सूर मारला की गोळी सुटल्यासारखे जायचे, आणि बाहेर आले की लग्नात हरवलेल्या पाहुण्यासारखे उभे राहायचे.

“बर्फ कुठंय?” भाचीनं विचारलं.

या वेळी उत्तर भाच्यानं दिलं. तो पाटी वाचत होता. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात, आणि तो किनारा वाळवंटी आहे. तिथे बर्फ नसतो, फक्त समुद्राचा प्रवाह थंड असतो. म्हणजे या पेंग्विनांभोवती आपल्या डोळ्यांसमोर येणारा सगळा बर्फ हा कार्टूनमधला. मला हे ठाऊक नव्हतं. पण मामा या पदाला ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची मुभा नाही. मी मान हलवली, जणू मीच ती पाटी लिहून घेतली होती.

वाघ झोपला होता. वाघानं झोपावं आणि काचेपलीकडच्या बापांनी “ए, ऊठ रे” म्हणावं, हा करार फार जुना आहे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा पुढे आली. बागेच्या आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या शेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. मोठा, काळपट, अंगावर सांधे दिसणारा, कुणी नीट बघत नाही असा. मीही पुढे निघालो होतो. भाची थांबली. तिनं हत्तीच्या पायाला हात लावून बघितला.

“मामा, हत्ती!”

हा साधा हत्ती नाही. घारापुरीच्या बेटावर पोर्तुगीज उतरले तेव्हा त्यांना हा दगडी हत्ती दिसला, आणि त्यावरून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. पुढे इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. १८६४ साली उचलायला गेले आणि त्याचे तुकडे झाले. पन्नासेक वर्षांनी, १९१४ साली, ते तुकडे जोडून तो इथे उभा केला. म्हणजे एलिफंटावर जो हत्ती बघायला लोक तासभर बोटीत बसून जातात, तो भायखळ्याला आहे. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. अठरा वर्षं रोज दोनदा मी त्याच्या जवळून जात होतो.

“हाच दाखवायला आणलं होतं,” मी म्हणालो. मामीनं माझ्याकडे पाहिलं, पण मुलांसमोर काही बोलली नाही. याला संसार म्हणतात.

एवढ्यावर थांबलं नाही. तिथेच काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्डही आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला काळा घोडा म्हणतात, तिथला हा घोडा. १९६५ साली त्याला तिथून हलवून इथे आणलं. मग पन्नास वर्षं त्या चौकात घोडा नव्हता, नाव मात्र होतं. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, पण या वेळी वर स्वार नाही. भाच्यानं बोटं मोजली. “म्हणजे घोडा दोन ठिकाणी आणि हत्ती एकाच ठिकाणी, पण चुकीच्या.” अकरा वर्षांच्या मुलानं मुंबईचा इतिहास दोन ओळींत आटोपला.

रविवारी घारापुरी. मेगाब्लॉकच्या आधी निघायचं म्हणून भल्या पहाटे घर सोडलं. गेटवेहून लाँचनं तासभर. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे, आणि वर बसल्याशिवाय लाँच लागली असं मुलांना वाटत नाही. वर बसल्यावर ती खरोखरच लागते. पण त्या दिवशी समुद्र शांत होता आणि भाची मुलाखती घेण्यात गुंतली होती.

“तुम्ही हत्ती बघायला चाललाय?” तिनं समोरच्या नागपूरच्या काकूंना विचारलं.

“हो न बाळा.”

“तिथं नाहीये. तो भायखळ्याला हाय. मी काल हात लावला.”

काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “मंग आपण कायले चाललो?” लाँच अर्ध्या समुद्रात होती. पुढचा अर्धा तास मी त्या कुटुंबाला गुंफांचं महत्त्व पटवून देत होतो. दीड हजार वर्षांची लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा. काका ऐकत होते, पण त्यांचं मन भायखळ्याला गेलं होतं.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या, माळा आणि कणसं. चालवत नसेल तर खुर्चीत बसवून वर नेणारे डोलीवाले. एकानं माझ्या पोटाकडे बघून भाव सांगितला. मी चालत गेलो. साठाव्या पायरीवर माकडांनी भडंगाची उरलेली पिशवी हिसकावली. एक माकड मूठभर तोंडात टाकून पळालं, दहा पावलांवर थांबलं आणि जीभ बाहेर काढून बसलं. सांगलीचं तिखट आहे ते. माकडाची दया आली म्हणून भाचीनं पन्ह्याची बाटली पुढे केली, तीही गेली.

आत मुख्य लेण्यात अंधारातून ती मूर्ती हळूहळू दिसायला लागते. वीस फुटांच्या आसपासची, तीन चेहऱ्यांची. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसरीकडचा बाईसारखा नाजूक. पोरं गप्प झाली. मीही. शाळेच्या सहलीत मी हे पाहिलं नव्हतं. तेव्हा मी बाहेर सरबत पीत होतो.

“ब्रह्मा, विष्णू, महेश,” मी हळू आवाजात सांगितलं. “म्हणून त्रिमूर्ती.”

शेजारी एक गृहस्थ उभे होते, हातात वही, खांद्याला शबनम. ते अतिशय अदबीनं म्हणाले, “माफ करा, पण हा एकटा शिवच आहे. सदाशिव. तिन्ही चेहरे त्याचेच. लोक त्रिमूर्ती म्हणतात, ते चुकून.”

मी भाचीकडे बघितलं नाही. पण तिनं विचारलंच, फक्त या वेळी मला नाही, त्या गृहस्थांना.

“मग बाकीचे दोघं कुठंयत?”

बुधवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मीत बसवलं. ताई झोप पूर्ण करून उठली होती. नवव्या दिवशी तिनं मुलांना पहिल्यांदा विचारलं, काय काय बघितलं. भाच्यानं पेंग्विन, हत्ती, घोडा, सगळं ओळीनं सांगितलं. भाची म्हणाली, “पहिल्या दिवशी फुटपाथवर जेवलो ते लई भारी होतं. पुढच्या वर्षी परत बंद असताना जाऊया.”

तिच्यासाठी मी कॅलेंडर काढून बघितलं. महाराष्ट्र दिन बुधवारी येतो तो थेट २०३० साली. २ मे, गुरुवार. शहाण्या माणसानं त्या दिवशी भायखळ्याला जाऊ नये. आम्ही सकाळी दहाच्या सुमाराला दारासमोरच्या झाडाखाली असू. येणार असाल तर ढोकळा आणा, भडंग आमच्याकडे आहे.